रॅम ८५ टक्के भरलेली दिसते, मग मोकळी काय करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज ११. काहीही उघडलेलं नसताना टास्क मॅनेजर ५५-६० टक्के मेमरी वापरात दाखवतो, क्रोम उघडलं की आकडा ८५च्या पुढे जातो आणि लॅपटॉप अडखळतो. सी ड्राइव्हही लाल झालाय. ओळखीच्या दुकानदाराने एक क्लीनर टाकून दिला, त्याने आकडा खाली येतो पण वेग येत नाही. यूट्यूबवर बघून व्हर्च्युअल मेमरी वाढवली, तरी तेच. आता रॅम वाढवावी का?

आधी एक गुंता सोडवू, कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. लाल झालेला सी ड्राइव्ह ही साठवणुकीची जागा. फोटो काढून टाकले, डाउनलोड्स साफ केले तर ती मोकळी होते, पण त्याने रॅमवर काडीचा फरक पडत नाही. रनमध्ये जाऊन 'टेम्प' आणि 'प्रीफेच' उडवायचं आणि मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार वेळा रिफ्रेश मारायचं, हा विधी आपल्याकडे प्रत्येक कॉम्प्युटर क्लासने शिकवलाय. रिफ्रेशने फक्त डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात. टेम्प उडवल्याने डिस्कवरची जागा सुटते, तेवढंच. प्रीफेच उडवणं तर उलटं पडतं: कुठला प्रोग्राम सुरू होताना कोणत्या फायली लागतात याची टिपणं विंडोज तिथे ठेवतो. ती गेली की पुढचे काही वेळा प्रोग्राम उशिराच उघडतात आणि विंडोज तीच टिपणं पुन्हा लिहीत बसतो.

दोन्हींचा संबंध एकाच जागी येतो, पेज फाइलमध्ये. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला काही ऐवज सी ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फायलीत नेऊन ठेवतो आणि ती फाइल गरजेप्रमाणे वाढवतो. ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर ती वाढू शकत नाही आणि मग प्रोग्राम अचानक बंद पडतात. म्हणून सी ड्राइव्हवर १५-२० जीबी तरी मोकळे ठेवा. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये 'टेंपररी फाइल्स' आहे, तिथून करा. त्या यादीत 'डाउनलोड्स' असाही एक चौकोन असतो, त्यावर मात्र बरोबरची खूण करू नका. लोकांचे आधार कार्ड, मार्कशीट, पॉलिसीचे कागद तिथेच पडलेले असतात आणि तिथून गेलेलं रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

आता रॅमकडे वळू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. बहुतेक जण 'प्रोसेसेस'च्या यादीतले टक्के बघून थांबतात. तुम्ही 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'मेमरी'वर क्लिक करा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर साधारण असं चित्र दिसतं: इन यूज ५.१ जीबी, कंसात कॉम्प्रेस्ड ३८० एमबी, अव्हेलेबल २.५ जीबी, कमिटेड ८.९/१३.२ जीबी, कॅश्ड २.३ जीबी, पेज्ड पूल ४२० एमबी, नॉन-पेज्ड पूल ४८० एमबी. खाली उजवीकडे स्लॉट्स यूज्ड, फॉर्म फॅक्टर, हार्डवेअर रिझर्व्ह्ड. हे सगळं एकेक करून वाचायला शिका, पुढचं निदान यातूनच निघतं.

'इन यूज' म्हणजे चालू प्रोग्राम, विंडोज स्वतः आणि ड्रायव्हर यांनी प्रत्यक्ष धरून ठेवलेली रॅम. वरचे ते टक्के यावरूनच येतात. 'कॅश्ड' हा पुष्कळांना चकवणारा आकडा. इंटरनेटवर सर्रास वाचायला मिळतं की रॅम भरलेली दिसते कारण विंडोज कॅश ठेवतो, काळजी नको. विंडोजच्या टास्क मॅनेजरबाबत हे खरं नाही. कॅशचा मोठा भाग, ज्याला स्टँडबाय म्हणतात, तो 'अव्हेलेबल'मध्ये मोजला जातो, 'इन यूज'मध्ये नाही. एसटीत रिझर्व्हेशनच्या सीटवर कुणी तात्पुरता टेकलेला असतो, नंबरवाला आला की मुकाट उठतो, तशी ही स्टँडबाय मेमरी. मघाशी बंद केलेल्या वर्डची पानं (म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, कागदाची पानं नव्हेत) तिथे पडून असतात. तुम्ही वर्ड पुन्हा उघडलंत तर ती लगेच मिळतात, दुसऱ्या कुणाला जागा हवी झाली तर विंडोज ती त्याच क्षणी देऊन टाकतो. त्यामुळे कॅश हटवून तुमचे ८५ टक्के कमी होणार नाहीत. ते ८५ टक्के खरोखर कुणीतरी धरलेले आहेत.

मग काहीच उघडलेलं नसताना ६० टक्के कशाला? यातला बराच भाग निर्दोष आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११साठी किमान ४ जीबी रॅम सांगितली आहे, पण ती चालू होण्यापुरती. लॉगिन करून सगळं शांत झाल्यावर ८ जीबीच्या लॅपटॉपवर साडेतीन ते साडेचार जीबी जाणं मला रोज दिसतं. शिवाय रॅम जास्त असेल तर विंडोज हात सैल सोडतो, प्रोग्रामांकडून जागा काढून घ्यायची घाई करत नाही. हाच विंडोज १६ जीबीच्या मशीनवर पाच-सहा जीबी धरून बसलेला दिसेल आणि ४ जीबीच्या मशीनवर अडीचमध्ये भागवेल. म्हणून शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरचा टक्का आणि तुमचा टक्का यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'कडेही नजर टाका. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये आतलं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं. काही मॉडेलांत हा वाटा २ जीबीपर्यंत असतो आणि सिस्टिमच्या माहितीत '८ जीबी, त्यातले ५.९ वापरण्याजोगे' असं दिसतं. लोक घाबरून येतात की दुकानदाराने रॅम बदलली. बदललेली नसते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) तो वाटा कमी करायची सोय असेल तर ५१२ एमबीवर आणा, गेम न खेळणाऱ्याला तेवढं पुरतं. घरातल्या एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर ४ जीबी असून सव्वातीनच दिसत असतील तर तिथे बहुधा ३२ बिटचा विंडोज आहे, तो हे गणित ४ जीबीच्या पुढे नेऊच शकत नाही.

आता खरा प्रश्न. लॅपटॉप अडखळतो तो रॅमच्या टंचाईने की आणखी कशाने? टक्का हे सांगत नाही. ८५ टक्क्यांवर छान चालणारी मशीन मी पाहिली आहेत आणि ७० टक्क्यांवर रखडणारीही. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा, त्यात 'मेमरी' टॅब. तिथे 'हार्ड फॉल्ट्स पर सेकंद' असा रकाना आणि उजवीकडे त्याचा आलेख आहे. नाव भयंकर असलं तरी तो बिघाड नव्हे. प्रोग्रामला हवं असलेलं पान रॅममध्ये नव्हतं म्हणून डिस्कवरून आणावं लागलं, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्राम उघडताना आलेख उसळतो आणि बसतो, ते ठीक. पण तुम्ही नुसतं एका टॅबवरून दुसऱ्यावर जाताय आणि आलेख शेकड्यांत जाऊन तिथेच राहतोय, जोडीला डिस्क १०० टक्के आहे, तर ती टंचाई. हेच पाहताना कमिटेडची जोडी पाहा: पहिला आकडा म्हणजे प्रोग्रामांना कबूल केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेज फाइल मिळून देता येईल ती. पहिला दुसऱ्याला भिडला की 'आउट ऑफ मेमरी'ची पाटी येते, मग भले टक्के ८०च का असेनात.

डिस्कवर जावं लागणं एवढं महाग का पडतं, त्याचा अंदाज घ्या. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला ढोबळमानाने सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. एसएसडीवरून दहा हजारावा. फिरत्या हार्ड डिस्कवरून शंभरावा. म्हणजे हार्ड डिस्क रॅमपेक्षा लाखपट सुस्त. तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ही चर्चा इथेच थांबवा आणि पहिले पैसे एसएसडीवर घाला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावाखाली एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. त्या एका बदलाने जो फरक पडतो तो रॅम दुप्पट करूनही पडत नाही, हे मी ग्राहकाला रॅम विकायची संधी सोडून सांगत आलोय.

त्या क्लीनरचं काय? तो खोटं बोलत नाही, पण कामही करत नाही. विंडोजमध्येच एक सोय आहे: एखाद्या प्रोग्रामच्या हातातली पानं काढून घेण्याची. क्लीनर तुमचं बटण दाबताच ती सोय सगळ्या प्रोग्रामांवर वापरतो. न बदललेली पानं स्टँडबायमध्ये जातात, बदललेली पेज फाइलच्या वाटेला लागतात. आकडा ८० वरून ४५ वर, हिरवा गोल, 'तीन जीबी मोकळी केली' असा संदेश. पाच सेकंदांनी तुम्ही क्रोमवर क्लिक करता आणि ती सगळी पानं परत आणावी लागतात. काही स्टँडबायमधून पटकन, काही डिस्कवरून रखडत. वर क्लीनर स्वतः पार्श्वभूमीत बसून दोन-तीनशे एमबी खातो ते वेगळंच. हा धंदा जुना आहे. १९९५ साली अमेरिकेत 'सॉफ्टरॅम ९५' नावाचं सॉफ्टवेअर रॅम दुप्पट करतो म्हणून विकलं गेलं. विंडोज ९५वर ते प्रत्यक्षात काहीच वाढवत नव्हतं आणि १९९६मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. गंमत म्हणजे त्यात ज्या कॉम्प्रेशनचं आश्वासन होतं ते विंडोज १० पासून विंडोज स्वतःच करतो. 'इन यूज'च्या कंसातला तो 'कॉम्प्रेस्ड' आकडा त्याचाच. तो क्लीनर काढून टाका.

व्हर्च्युअल मेमरी वाढवण्याबाबत: पेज फाइल मोठी केल्याने कमिटेडची मर्यादा वाढते, म्हणजे प्रोग्राम कोसळणं टळतं. वेग वाढत नाही, वाढायचं काही कारणच नाही. ती पुन्हा 'सिस्टिम मॅनेज्ड'वर ठेवा. काही जण एसएसडी झिजेल म्हणून ती साफ बंद करतात, तो तर वेडेपणाच. बिल भरताना मधेच ब्राउझर उडाला की कळतं. सिसमेन नावाची सेवा, पूर्वीची सुपरफेच, बंद करायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. एसएसडी असेल तर तिला हात लावू नका, ती फक्त मोकळ्या रॅममध्ये कामाच्या फायली आधी आणून ठेवते आणि ती जागा मागितली की सोडते.

घरगुती लॅपटॉपवर रॅमचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक ब्राउझर, यात शंका नाही. क्रोम २००८ साली आला तेव्हापासूनच टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागांत, चालवतो. २०१८ मध्ये, स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाल्यावर, प्रत्येक साइट दुसरीपासून तोडून वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवणं डेस्कटॉपवर सर्वांसाठी सुरू झालं. गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं की यामुळे मेमरी सुमारे १० ते १३ टक्के जास्त लागेल. तुमची बँक एका टॅबमध्ये आणि कुठलीतरी फुकट सिनेमाची साइट शेजारच्या टॅबमध्ये उघडी असते, तेव्हा ही किंमत रास्त आहे असं माझं मत. पण कोणता टॅब किती खातो ते बघा. क्रोम उघडं असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर येईल. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. बहुतेक घरांत वरच्या पाचांत यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप वेब, जीमेल आणि एखादं बातम्यांचं पान असतं. जाहिरातींनी लगडलेलं बातमीचं पान पाचशे एमबीवर बसलेलं पाहिलं की लोकांचा विश्वास बसत नाही. सोबत एक्स्टेंशनही दिसतील: कधीतरी पीडीएफ जोडायला टाकलेलं, कुपन शोधणारं, स्क्रीनशॉट काढणारं. वापरात नाहीत ती काढा.

मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' चालू करा. बराच वेळ न पाहिलेले टॅब तो झोपवतो, तुम्ही परत गेलात की पान पुन्हा लोड होतं. एक सावधगिरी: अर्धवट भरलेला सरकारी फॉर्म ज्या टॅबमध्ये आहे ती साइट अपवादांच्या यादीत घाला. महाडीबीटीचा अर्ज भरताना कागद शोधायला उठलात आणि परत येऊन पान कोरं दिसलं तर शिव्या मला बसतील. एजमध्ये हेच 'स्लीपिंग टॅब्ज' नावाने आहे. आणखी एक खूण 'सिस्टिम'खाली सापडेल, क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीतली अ‍ॅप्स चालू ठेवण्याची. ती बंद करा. क्रोम बंद करूनही यादीत चार-पाच क्रोम दिसतात, त्याचं हे एक कारण.

टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप अ‍ॅप्स' एकदा नीट वाचा. टीम्स, गेमचे लाँचर, प्रिंटरसोबत आलेला प्रोग्राम, लॅपटॉप कंपनीचे दोन-तीन 'असिस्टंट'. डिसेबल केल्याने ती उडत नाहीत, फक्त आपणहून सुरू होत नाहीत. मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस आणि त्याच्याजोडीला तुम्ही घेतलेला दुसरा, अशी जोडगोळी असेल तर एक पूर्ण काढा. यादीत 'वेबव्ह्यू२' नावाच्या पुष्कळ नोंदी दिसल्या तर व्हायरस म्हणून घाबरू नका. टीम्स, विंडोजची विजेट्स अशी अ‍ॅप्स आतून एजचं इंजिन वापरतात, त्याच्या त्या प्रोसेस. विजेट्स कधीच बघत नसाल तर टास्कबारवरून बंद करा.

एवढं करूनही हिशेब लागत नसेल तर वेगळ्या वाटेने जावं लागतं. आमच्याकडे लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका फोटोग्राफरचं मशीन आलं होतं. १६ जीबी रॅम, फोटोशॉप बंद, तरी १४ जीबी वापरात. प्रोसेसेसच्या यादीतली बेरीज जेमतेम पाच जीबी. तो आधी दोनदा विंडोज फॉरमॅट करून बसला होता. नजर न जाणारा आकडा तिथे होता: नॉन-पेज्ड पूल, जवळजवळ सात जीबी. घरच्या मशीनवर हा काहीशे एमबी असतो. ही विंडोजच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची मेमरी. ती डिस्कवर हलवता येत नाही आणि प्रोसेसेसच्या यादीत कुणाच्याच नावावर दिसत नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मेमरी घेत होता आणि परत करत नव्हता. एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवर) फोटो चढवायला लागला की आकडा डोळ्यांदेखत वाढायचा. दर फॉरमॅटनंतर तोच जुना ड्रायव्हर त्याच सीडीवरून चढत होता. कंपनीच्या साइटवरचा नवा घातला, पूल साडेतीनशे एमबीवर राहिला. तुमच्याकडे असा संशय आला तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं रॅममॅप हे फुकट साधन उतरवून घ्या. कोणत्या प्रकारात किती मेमरी अडकली ते त्यात एका तक्त्यात मिळतं.

त्या फोटोग्राफरचं मशीन रोज रात्री बंद व्हायचं, तरी गळती साचत कशी गेली? विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तसेच उचलले जातात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. रोज बंद होणारा लॅपटॉप तिथे वीस-वीस दिवस चालू दाखवतो. आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा, त्यात गाभाही नव्याने सुरू होतो.

हे सगळं करून, रोजच्या कामाच्या वेळी हार्ड फॉल्ट्सचा आलेख खाली येत नसेल तर रॅम वाढवा. ८ वरून १६ नेणं आज घरगुती वापरात समजण्यासारखं आहे. नुसतं बँक, यूट्यूब आणि वर्ड असेल तर ३२ म्हणजे पैसे पाण्यात. घाई न करण्याचं एक कारण बाजारातही आहे: २०२५च्या शेवटापासून डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव चांगलेच चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

विकत घेण्याआधी त्याच मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. '१ ऑफ २' असेल तर एक स्लॉट रिकामा आहे, तिथे आहे त्याच प्रकारची, शक्य तर तेवढ्याच क्षमतेची पट्टी घाला. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की आतल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो, हा वरचा फायदा. फॉर्म फॅक्टरमध्ये 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर रॅम बहुधा बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. अशा पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा वेगळा स्लॉटच नसतो, मॉडेल नंबर घालून कंपनीच्या साइटवर खात्री करा. डीडीआर४च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते, जोर लावू नका. आणि पट्टी घातल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिट-दोन मिनिटं काळी राहिली, विशेषतः डीडीआर५वर, तर पॉवरचं बटण दाबत सुटू नका. नव्या पट्टीशी जुळवून घ्यायला बोर्ड तेवढा वेळ घेतो.